कायद्याने सोडले म्हणजे पाप सुटले का?



वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, असे अल्लीपूरच्या बसस्टँडवर मोठ्याने म्हणून पाहा. ऐकणारा आधी हसेल. महात्मा गांधींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ज्या जिल्ह्यात आहे, तेथे दारूचे दुकान असू नये म्हणून सुमारे पन्नास वर्षांपूर्वी शासनाने ही बंदी घातली. आज जिल्ह्यात परवान्याचे दुकान नाही, पण पोळा जवळ आला की पोलिसांची ‘वॉश आउट’ मोहीम निघते, नाल्याकाठी मोहाच्या सडव्याचे ड्रम उलटवले जातात आणि चार दिवसांनी भट्टी पुन्हा पेटते. नागपूर, अमरावती, यवतमाळकडून बाटल्या येतात त्या वेगळ्याच.

अशा गावात राहणाऱ्या आपल्या युवक-युवतींनी मागे एका बैठकीत प्रश्न काढला. अमेरिकेत गांजाची दुकाने उघडली, मोबाइलवर सामन्यांचा सट्टा कायदेशीर झाला. जी गोष्ट काल गुन्हा होती ती आज चालते. मग आपल्याकडे उद्या कशाची पाळी? आणि सरकारनेच परवानगी दिली तर ख्रिस्तसभेने नको म्हणण्यात अर्थ काय? प्रश्न चांगला आहे, आणि तो दोन वाक्यांत संपणारा नाही, म्हणून या रविवारी त्यावर लिहीत आहे.

आपण पाप, गुन्हा आणि व्यसन हे तीन शब्द एकमेकांत मिसळतो. पाप देवापुढे असते. गुन्हा म्हणजे राज्याने शिक्षा ठरवलेली कृती. व्यसन ही अशी सवय की जी माणसाच्या हातून त्याचा लगाम काढून घेते. तिन्ही एकाच कृतीत असू शकतात, पण तिन्ही एक नव्हेत. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे ४९७ वे कलम रद्द केले. त्या दिवसापासून आपल्या देशात व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही, फक्त घटस्फोटाचे कारण राहिला. सहावी आज्ञा मात्र त्या दिवशी कोणी रद्द केली नाही. ज्या घरात हे घडते त्या घरातील पत्नीला किंवा पतीला कलम गेले की राहिले याने दुःख कमी-जास्त झालेले मी पाहिलेले नाही.

संत पौलाला करिंथच्या मंडळीत हेच ऐकावे लागले होते. आम्हाला सर्व काही मोकळे आहे, असे ते लोक म्हणत. पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल त्यांच्याशी परवानगीवर वाद घालत बसत नाही. मोकळे असलेले सगळे हिताचे असते का, आणि मोकळे म्हणून धरलेली गोष्टच माझी मालकीण झाली तर काय, असे तो विचारतो. व्यसनाची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही.

आता दुसरी बाजू. जे जे पाप आहे ते सर्व राज्याने बंद करावे असे ख्रिस्तसभा म्हणते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी हा प्रश्न सरळ हाती घेतला: मनुष्याच्या कायद्याने सर्व दुर्गुण रोखावेत काय? त्यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कायदा सगळ्यांसाठी असतो आणि सगळ्यांतले बहुतेक लोक सद्गुणात पक्के नसतात. म्हणून कायद्याने मुख्यतः ते दुर्गुण रोखावेत ज्यांनी दुसऱ्याची हानी होते आणि जे चालू दिले तर समाजच टिकणार नाही. दुबळ्या माणसांवर न पेलणारे ओझे टाकले तर ती त्याहून वाईटाकडे वळतात, असेही ते सांगतात, आणि दाखला देतात तो जुन्या बुधल्यात नवा द्राक्षारस भरण्याचा. दारूबंदीच्या जिल्ह्यात हा दाखला वाचताना थोडे हसू येतेच.

हाच युक्तिवाद, अक्विनासांचे नाव न घेता, आपल्या शेजारी चंद्रपूरला झाला. तेथील दारूबंदी आपोआप आलेली नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये महिला चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या होत्या. पुढे १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. कारण असे दिले गेले की अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका-मुलेसुद्धा त्या धंद्यात ओढली गेली. हे कारण खोटे होते असे मी म्हणणार नाही. विषारी दारूचे भयही खरे आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी हातभट्टीने शंभराहून अधिक माणसे मेली, आणि ती सगळी गरीब होती. बंदी आहे तेथे अशी दारू प्यायची वेळ येण्याचा धोका वाढतो, हे आपण मान्य केले पाहिजे. (मालवणी मात्र दारूबंदीच्या भागात नव्हती. परवान्याची दारू महाग पडते तेव्हा गरीब हातभट्टीकडे जातो, दुकान कितीही जवळ असो.)

अक्विनासांचे म्हणणे इथपर्यंत वाचून थांबणारे पुष्कळ भेटतात. पण राज्याने एखादा दुर्गुण नाइलाजाने सहन करणे वेगळे आणि त्याच दुर्गुणातून आपली तिजोरी भरणे वेगळे. पहिल्यात कायदा गप्प बसतो. दुसऱ्यात तो भागीदार होतो, आणि भागीदाराला धंदा वाढायला हवा असतो. आजच्या ‘कायदेशीर करा’ या मागणीत बहुतेक वेळा दुसरी गोष्ट दडलेली असते.

आकड्याचेच घ्या. आपण कापूस पिकवणारे लोक, म्हणून ही गोष्ट आपल्याला जवळची आहे. मटक्यातले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द कापसाचे आहेत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला हे तारेने मुंबईला येई, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. कापूस गेला, सट्टा राहिला. आपल्या भागातली सट्टापट्टी ही त्याचीच नात. लोक नाहीतरी खेळतातच, मग पैसा सत्कार्याला तरी जाऊ दे, असे म्हणत १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी काढली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९६४ मध्ये शाळांच्या खर्चासाठी म्हणून हेच केले होते, आणि आज तेथील ४५ राज्ये लॉटरी चालवतात. मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्टा रोखणारा जुना केंद्रीय कायदा रद्द केला. त्यानंतर ३५ हून अधिक राज्यांनी सट्टा खुला करून त्यावर कर बसवला. आपल्याकडे मटका काही लॉटरीने बुडाला नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालले.

गोव्याचा दाखला तर मला फार बोलका वाटतो. मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, शासन त्यांच्याकडून शुल्क घेते. १ फेब्रुवारी २०२० पासून त्याच शासनाने गोवेकरांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी केली. म्हणजे जुगाराने घर बुडते हे शासनाला पक्के ठाऊक आहे, फक्त बुडणारे घर आपले नसावे. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये मंजूर झाला होता, कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. चांगले झाले. त्या ४७ वर्षांत हा कायदा लागू करा अशी मागणी अधूनमधून होतच होती.

मग उद्या कशाची पाळी? मी भविष्यवादी नाही, पण एक खूण सांगतो. आधी नाव बदलते. जुगाराचे ‘गेमिंग’ होते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा चर्चा द्राक्ष-उत्पादक शेतकऱ्याच्या उत्पन्नाची होती. विरोध झाला, तो निर्णय अमलात आला नाही, पण तो पुन्हा येईल असे मला वाटते. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तेथे डिसेंबर २०२३ मध्ये गिफ्ट सिटीपुरती सूट आली, तीही बाहेरून येणाऱ्या गुंतवणूकदारांचे नाव घेऊन. गांजाच्या बाबतीत ‘औषध’ हा शब्द पुढे चालेल. अमेरिकेत कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदान करून तो मौजेसाठी खुला केला, पण त्याआधी बरीच वर्षे तो रुग्णांसाठी म्हणून मिळत होता.

चाक फक्त एकाच दिशेला फिरते असेही नाही. ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान करून सर्व अमली पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगणे गुन्ह्यातून वगळले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा गुन्हा ठरवले. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २८ टक्के जीएसटी लावला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्या खेळांवर बंदीचाच कायदा केला. कर मिळत असतानाही बंदी आली, हे मी मुद्दाम नोंदवतो. लोकांची घरे बुडताना दिसली की राज्यालाही मागे फिरता येते.

आता आपल्या दारापाशी येऊ. वर्ध्याची बंदी उठवावी ही मागणी चंद्रपूरनंतर पुन्हा पुन्हा होणार. ग्रामसभेत, चौकात तुम्हाला कोणी मत विचारले तर ख्रिस्ती म्हणून काय सांगाल? दारूचा थेंबही पाप आहे, असे सांगू नका. तशी आपली शिकवण नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि आपल्या वेदीवर रोज तोच असतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही धर्मविधीच्या द्राक्षारसासाठी वेगळी तरतूद आहे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ जुगाराबद्दलही (क्र. २४१३) तेच माप लावतो. खेळ स्वतः अन्याय नाही, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचा पैसा त्यात गेला की तो अमान्य ठरतो.

हे माप घेऊन आपल्या गावात फिरा. कापसाचा चुकारा हातात आला त्या आठवड्यात तो पैसा कुठे जातो? पोरीच्या फीसाठी आईला बचत गटातून कर्ज का काढावे लागते? तिच्या ताटातले काढून घेऊन प्यायलेला घोट हा ‘माझा खाजगी प्रश्न’ नसतो. अक्विनासांच्याच कसोटीने तो दुसऱ्याची हानी करणारा दुर्गुण आहे, आणि म्हणून त्यात कायद्याला पडण्याचा अधिकार आहे.

माझे मत विचाराल तर बंदी राहावी, आणि ती राबवली जावी. भट्टी आणि हप्ता यांची दोस्ती तशीच ठेवून नुसते दुकान उघडल्याने भट्टी बंद होत नाही. शिवाय परवाना आला की लढाई गावोगावच्या बायकांच्या अंगावर पडते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दुकान हटवायला गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारावा लागतो. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण. रोजमजुरी बुडवून, नवऱ्याचा राग सोसून त्या रांगेत उभ्या राहणार कोण? आज निदान कायदा तिच्या बाजूने उभा आहे, भले पेंगत का असेना.

बंदी हवी म्हणणाऱ्यांनी एक मात्र पाळावे. मुलाच्या बारशाला किंवा लग्नाच्या वरातीला बाटल्या मागवायच्या आणि ग्रामसभेत बंदीच्या बाजूने हात वर करायचा, हे आपल्या कुटुंबांत होऊ नये. चोरून विकत घेतलेली प्रत्येक बाटली त्या धंद्याला पैसा पुरवते, आणि कायदा योग्य आहे असे मानून तो मोडणे हा पापनिवेदनात सांगण्याचा विषय आहे.

ज्यांच्या घरी कोणी बरीच वर्षे रोज पीत आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. उपवासकाळाच्या उत्साहात त्याला एका दिवसात पूर्ण बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय थरथरणे, भ्रम, झटके असे होऊ शकते, आणि ते जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याला दूर नाही. एकटे जायला संकोच वाटत असेल तर मिस्सानंतर मला सांगा, मी सोबत येईन.