खोट्या माशाचा रंग : अनुकृती कोणासाठी?

झ्यूक्सिस आणि पऱ्हासिऑस या दोन ग्रीक चित्रकारांची एक कथा प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहे. झ्यूक्सिसने द्राक्षांचे घोस इतके हुबेहूब रंगवले की पाखरे त्यांवर चोच मारण्यास आली. मग पऱ्हासिऑसने आपले चित्र दाखवण्यास बोलावले. ‘आधी वरचा पडदा बाजूला करा,’ असे झ्यूक्सिस म्हणाला आणि तो पडदाच रंगवलेला निघाला. झ्यूक्सिसने हार मानली, कारण त्याने पाखरांना फसवले होते, पण पऱ्हासिऑसने चित्रकाराला फसवले होते.

साहित्यशास्त्राच्या तासाला अनुकृतीचा सिद्धांत शिकताना ही कथा आम्हांला सांगण्यात आली. तेव्हा मला एक अशी वस्तू आठवली की जिला पाखरू आणि चित्रकार या दोघांचेही समाधान एकाच वेळी करावे लागते. ती वस्तू म्हणजे गळाला लावण्याचा रंगवलेला खोटा मासा. हौशी मासेमार त्याला ‘लुअर’ म्हणतात. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा बोटभर ते वीतभर लांबीचा मासा, पोटाशी लोंबणारे तीन आकड्यांचे गळ आणि तोंडाखाली एक लहानशी पट्टी, असे त्याचे रूप असते. दोरी ओढली की या पट्टीवर पाण्याचा दाब येतो आणि मासा डुलत डुलत खाली जातो.

हा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने का निवडावा, असा प्रश्न कोणी विचारील. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात माझे वडील रंगाची गन चालवतात आणि आई हाताने रंगकाम करते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. दहावीच्या सुट्टीपासून एअरब्रश माझ्याही हाती आहे. धरमतरच्या खाडीत जिताडा मारण्यासाठी येणाऱ्या एका हौशी गृहस्थांनी गेल्या वर्षी रंग उडालेले आठ खोटे मासे आमच्याकडे आणले आणि ते रंगवण्याचे काम माझ्याकडे आले. ते करता करता जे वाचले, जे पाहिले, ते सहाध्यायी मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वेतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या डोवाजियाक या गावी जेम्स हेडन नावाचा मधमाशापालक लाकडाचे बेडूक कोरून त्यांना गळ लावीत असे. पुढे त्यातूनच त्याच्या घराण्याचा कारखाना उभा राहिला. त्या काळचे रंगकाम साधे होते. पांढरे अंग आणि लाल डोके ही तेव्हापासून चालत आलेली जोडी आजही बाजारात टिकून आहे. 1916 साली इंडियाना राज्यातील गॅरेट येथे क्रीक चब ही कंपनी निघाली. तिचे एक भागीदार हेन्री डिल्स यांनी जाळीतून रंग फवारून खवल्यांचा भास निर्माण करण्याची रीत प्रचारात आणली. हेडनच्या कारखान्यानेही ती उचलली. आज जगभर खोट्या माशांवर दिसणारे खवले या एका युक्तीचे वंशज आहेत.

दुसरा प्रवाह फिनलंडमधला. लौरी रापाला (1905–1974) हा गरीब माणूस पायान्ने सरोवरावर मासेमारी करून पोट भरीत असे. त्याने एक गोष्ट हेरली होती. लहान माशांचा थवा जात असता मोठा मासा नेमका त्यातल्या जखमी, लडखडणाऱ्या माशावर झडप घालतो. 1936 साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चढवली आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून तिचा थर वर दिला. रंगाचा डबा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाने केलेले हे रंगकाम आहे. त्याच्या नावाची कंपनी आज जगप्रसिद्ध आहे.

हवेचा कुंचला

खवल्यांसाठी जे यंत्र लागते त्याचाही इतिहास रंजक आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ॲब्नर पीलर याने 1879 च्या सुमारास पहिला एअरब्रश बनवला. लिबर्टी वॉकअप याने तो सुधारून विकला. लेखणीसारखा धरता येणारा आणि आतल्या आत रंग व हवा मिसळणारा नमुना चार्ल्स बर्डिक याने 1890 नंतरच्या दशकात तयार केला. आजची हत्यारे त्याच घराण्यातली आहेत.

याचे तत्त्व सोपे आहे. कॉम्प्रेसरमधली दाबलेली हवा बारीक तोंडातून वेगाने बाहेर पडते. तिथे दाब कमी होतो आणि रंग आपोआप ओढला जाऊन त्याचे धुके होते. खटका खाली दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग येतो. किती ओढायचा हे बोटाला कळावे लागते. बारीक कामाला हवेचा दाब साधारण 15 ते 30 पौंड पुरतो. हात जवळ नेला तर रेघ येते, लांब नेला तर छाया येते. कुंचल्याचा स्पर्श वस्तूला होत नाही, त्यामुळे एक रंग कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. हे धुके फुप्फुसातही जाते. म्हणून रंग पाण्यात कालवण्याचा असला तरी तोंडाला नुसते फडके न बांधता चांगला मास्क लावावा, हे येथे मुद्दाम लिहिते.

खवले उठवण्याची रीत

प्रथम जुना रंग घासून अंग गुळगुळीत करावे, त्यावर पांढरा अस्तर द्यावा. जिताड्याचे आवडते खाद्य बोय मासा, म्हणून मी बोय समोर ठेवून काम केले. बाजूंना आधी करडा रंग मारला. दुपट्ट्याला वापरतात ते नेटचे कापड माशाभोवती ताणून चिमट्यांनी पाठीवर घट्ट केले आणि वरून रुपेरी मोती रंगाचा हलका फवारा दिला. छिद्रांतून रुपेरी रंग आत जातो आणि धाग्यांखाली करड्या रेघा राहतात. कापड उचलले की खवल्यांची ओळ उभी राहते. कापड सैल राहिले तर कडा पसरतात, रंग जास्त झाला तर तो धाग्याखाली शिरतो.

ज्यांना डोळ्यांबरोबर बोटांनाही खवले जाणवायला हवेत, ते कारागीर लाकडावर तापलेल्या टोकाने खवले डागतात किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खावर जाळी दाबून तो अंगावर चिकटवतात. शेवटी पाठीवर गडद हिरवट रंग, पोटावर पांढरा, कल्ल्याजवळ लालसर छटा आणि सर्वांत शेवटी डोळा. गणपतीच्या मूर्तीचीही डोळ्यांची आखणी शेवटीच होते, त्यामुळे हा क्रम मला परका वाटला नाही. त्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर देऊन तो घट्ट होईपर्यंत मासा संथ फिरत ठेवावा लागतो, नाहीतर थर एका बाजूला ओघळतो.

माशाची चांदी खरी कोठून येते, हेही सांगण्यासारखे आहे. माशाच्या त्वचेत ग्वानिन या द्रव्याच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात आणि त्या आरशाप्रमाणे प्रकाश परतवतात. पूर्वी युरोपात खोटे मोती बनवण्यासाठी माशाच्या खवल्यांतून हे द्रव्य काढीत. आजच्या मोती रंगात बहुधा त्याऐवजी अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असतो. अशा मोती रंगाची बाटली आमच्या कारखान्यात मूर्तीच्या पितांबरासाठीही उघडली जाते.

सावली घालणे आणि सावली पुसणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट पांढरे का असते? ॲबट थेअर (1849–1921) या अमेरिकन चित्रकाराने 1896 साली याचे उत्तर मांडले. उजेड वरून येतो, त्यामुळे कोणत्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची काळोखी दिसते. डोळा या छायेवरून गोलाई ओळखतो. मासा वरून गडद आणि खालून पांढरा असेल तर छाया रंगानेच पुसली जाते, तो सपाट दिसतो आणि पाण्यात विरून जातो. थेअरने रताळ्याएवढ्या वस्तू अशा रंगवून पक्षिशास्त्रज्ञांपुढे ठेवल्या, तेव्हा थोड्या अंतरावरून त्या दिसेनाशा झाल्या.

हे वाचले तेव्हा मला वडिलांचे काम आठवले. ते मूर्तीच्या हनुवटीखाली, सोंडेच्या वळणात, पितांबराच्या चुण्यांत गडद फवारा मारतात. मंडपात चहूबाजूंनी दिवे असतात आणि त्यांत मूर्ती चपटी दिसू नये म्हणून ते सावली घालतात. निसर्ग माशावर नेमके उलटे काम करतो, तो सावली पुसतो. थेअर चित्रकार होता म्हणूनच त्याला हे दिसले असावे. जो आयुष्यभर सावली घालतो, त्याला ती कोठे पुसली आहे हे लवकर कळते. हे शास्त्र वडिलांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही, पण ते त्यांच्या हातात आहे.

येथे एक पेच उभा राहतो. बोय माशाचा रंग बोयला लपवण्यासाठी आहे, तर खोटा मासा दिसावा म्हणून पाण्यात टाकायचा आहे. म्हणजे बोयची अगदी अचूक नक्कल केली, तर ती शिकाऱ्याला दिसणारच नाही! याचे उत्तर रापालाच्या निरीक्षणात सापडते. निरोगी मासा सरळ पोहतो आणि दडून राहतो. जखमी मासा कलंडतो, त्याचे पांढरे पोट आणि रुपेरी बाजू क्षणभर चमकते आणि तेथेच त्याचे सोंग उघडे पडते. चांगला लुअर तो क्षण पुन्हा पुन्हा घडवतो. म्हणून गडद पाठ आणि उजळ पोट यांतला विरोध आणि डुलताना चमकणारी बाजू, ही दोनच अंगे माशाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरतात, असे माझे मत आहे.

मग खवल्यांचे काय? पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच मंदावतो आणि आमच्या खाडीच्या गढूळ पाण्यात तर सगळेच रंग लवकर विझतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लार्जमाउथ बास या माशाला रंग ओळखण्याचे शिक्षण देऊन पाहिले. लाल आणि हिरवा त्याने चांगले ओळखले, पण पिवळट हिरवा व पांढरा आणि निळा व काळा यांत त्याचा गोंधळ झाला. जपानमध्ये माकूळ पकडण्यासाठी ‘एगी’ नावाची कोळंबीच्या आकाराची, कापड गुंडाळलेली आमिषे वापरतात. ती कितीतरी रंगांत मिळतात. माकुळाच्या बहुतेक जातींच्या डोळ्यांत मात्र एकच रंगद्रव्य असते, म्हणजे त्यांना आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. दुकानातला रंगांचा हा बाजार माकुळासाठी मांडलेला नाही, हे उघड आहे.

दोन प्रेक्षक

मी त्या आठ माशांपैकी चारांवर खवले उठवले आणि चार नुसते गडद पाठ, रुपेरी बाजू व पांढरे पोट असे ठेवले. ते गृहस्थ तीन वेळा खाडीवर गेले. त्यांना दोन जिताडे मिळाले, एक खवलेवाल्यावर आणि एक साध्यावर. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणते. परंतु एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. खवल्यांचे काम एकूण वेळेच्या निम्म्याहून अधिक वेळ खात होते आणि आठही मासे हाती घेतल्यावर त्या गृहस्थांनी प्रथम खवलेवालेच उचलले.

यावरून खवल्यांचे काम व्यर्थ आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गळ टाकणारा माणूस दिवसभर शंभर वेळा तोच लुअर फेकतो, शंभर वेळा रिकामा ओढतो. हातातल्या वस्तूवर विश्वास नसेल तर तो दहाव्या फेकीलाच कंटाळेल. खवले त्या माणसाला पाण्याकाठी धरून ठेवतात. मखरात बसलेल्या मूर्तीची पाठ कोणाला दिसत नाही, तरी वडील ती पुढच्या भागाइतक्याच निगुतीने रंगवतात. तेथेही कामाला दुसरा कोणी साक्षी आहे, अशी त्यांची भावना असावी.

प्लेटोने चित्रकाराला सत्यापासून दूर गेलेला नक्कलकार म्हटले. दुरून दाखवलेल्या चित्राने मुले आणि भोळी माणसे फसतात, असा त्याचा आक्षेप होता. परंतु नक्कल हुबेहूब आहे की नाही हे ठरवण्याआधी ती कोणाच्या डोळ्यांसाठी आहे हे विचारावे लागते, असे या अभ्यासातून मला वाटू लागले आहे. माशाला खवले लागत नाहीत, माणसाला लागतात. कारागिराला दोघांचीही नजर ठाऊक असावी लागते.

आमच्या तालुक्यात असे कारागीर घरोघर आहेत. त्यांच्या हातातले शास्त्र अजून कागदावर फारसे उतरलेले नाही. आपण वर्गात अनुकृती, छाया, रूप हे शब्द शिकतो आणि तेच शब्द त्यांच्या कारखान्यात रोज कामाला येतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सुतारकाम, विणकाम, रंगकाम किंवा जाळी विणणे चालते, त्यांनी ते एकदा विद्यार्थ्याच्या नजरेने पाहून लिहून काढावे, अशी माझी विनंती आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याला जागा नसली, तरी या अंकात नक्कीच आहे.