बेडूक खात नाही? आधी तापमापी पाहा

पावसाळ्यात काचपेटीत आणून ठेवलेला बेडूक दिवाळीपर्यंत किडे मटकावतो आणि थंडी पडली की एकाएकी खाणे सोडतो. मग कोणीतरी चिमट्याने त्याचा जबडा उघडून गांडूळ कोंबू पाहतो. तसे मुळीच करू नका. जबडा नाजूक असतो. शिवाय बरेचदा खरे कारण तापमानात असते. म्हणून तर भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला या भानगडीत नाक खुपसण्याचा थोडा अधिकार पोचतो!

बाहेर कितीही गारठा असला तरी आपले शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. बेडूक शीतरक्ती, त्याचे तापमान भोवतालाप्रमाणे चढते-उतरते. पचन ही रासायनिक क्रिया आहे. तापमान १० अंशांनी उतरले की तिचा वेग साधारणपणे निम्मा होतो. गार बेडकाच्या जठरात कोंबलेले अन्न पचण्याऐवजी कुजू लागते. शेतातला मोठा बेडूक तर पाऊस सरल्यावर मातीत दडून महिनोन्‌महिने उपाशी राहतो.

‘पण खोलीत २२ अंश आहेत की!’ असे तुम्ही म्हणाल. ते तुमचे २२ अंश, बेडकाचे नव्हेत. एक प्रयोग करा. तापमापीच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा आणि ती पेटीजवळ वाऱ्यात धरा. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर पारा १४ अंशांजवळ येऊन थांबेल. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते; माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. बेडकाची त्वचा सदैव ओली, म्हणजे उघड्या वाऱ्यात बेडूक हा जणू चालताबोलता माठच! तेव्हा पेटी पंख्याखालून आणि खिडकीतून हलवा. वर भोके असलेले झाकण ठेवा, तळाशी ओलसर माती घाला. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि बेडूक खोलीइतका उबदार राहतो. जवळ दिवा लावू नका, त्वचा सुकते.

पाणीही तपासा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, त्वचेतून शोषतो. त्यामुळे नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्याला बाधतो. पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवलेले पाणी वापरावे.

ऊब मिळूनही खात नसेल, तर भक्ष्य हलते आहे का ते पाहा. अमेरिकेत जेरोम लेटविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले, की बेडकाच्या डोळ्यातील काही चेतातंतू लहान, हलत्या वस्तूलाच प्रतिसाद देतात. मेलेल्या किड्यांच्या ढिगातही तो उपाशी मरेल! नाकतोडा दोऱ्याला बांधून समोर हलवा. मात्र कीटकनाशक मारलेले झुरळ कदापि देऊ नका.

दर आठवड्याला वजन करा, पण आधी अर्धा तास उथळ पाण्यात बसवून. नाहीतर नुसती पाण्याची घट मोजाल. ऊब असूनही वजन सतत उतरत असेल, पोट फुगले असेल, मांड्यांची आतली बाजू लाल दिसत असेल किंवा उताणा केल्यावर तो स्वतः पालथा होत नसेल, तर तो आजारी आहे. मग घरगुती उपाय थांबवून त्याला पशुवैद्याकडे न्या.