पिल्लू येण्याआधी

गोंदिया

चि. छोटूस,


तुझे बाबा फोनवर म्हणाले, रॉटवायलरच्या पिल्लाचा इसार देऊन झाला. शेतावरचा मोटारपंप चोरीला गेल्यापासून तुझ्या मनात राखणीचा कुत्रा घोळतो आहे, हे मला माहीत होतं. मला विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो की नुसत्या राखणीला दोन गावठी कुत्री पुष्कळ झाली. बांधावर परका माणूस आला की ती अख्खी वस्ती जागी करतात आणि आपल्याकडचं ऊनही सोसतात. पण तुझं मन त्या जातीवर बसलं आहे. तेव्हा पिल्लू घरात येण्याआधी हे पत्र नीट वाच. नंतर वाचून उपयोग नाही, कारण सगळ्यांत मोठं काम पहिल्या काही आठवड्यांतच करावं लागतं.

हा कुत्रा जर्मनीतल्या रॉटवाइल गावाचा. तिथे तो गुरं हाकायचा, खाटकांच्या गाड्या ओढायचा. पुढे पोलिसांनी त्याला कामाला घेतलं. पूर्ण वाढलेला नर 50 किलोच्या घरात जातो. अशा कुत्र्याला राखण शिकवावी लागत नाही. दीड-दोन वर्षांचा झाला की ती त्याच्यात आपोआप जागी होते. शिकवावं लागतं ते हे, की घरी येणारा प्रत्येक नवा माणूस चोर नसतो.

आपल्या सालेकशात हे आणखीच जपावं लागतं. आपल्याकडे कुंपण नावाला असतं. शेजारीण हाक न मारता वाडीतून थेट सपरीत येते. चेंडू आत पडला की पोरं विचारत बसत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात, पुढे तेंदूपत्त्याची गडबड सुरू होते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतून माणसं या भागात उतरतात. टोपली, काठी, ढोल, रेल्वेचा भोंगा, शेळ्यांचा कळप, सायकल, हे सगळं तुझ्या कुत्र्याला नेहमीचं वाटलं पाहिजे. पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते चौदावा आठवडा हा त्यासाठीचा काळ. या दिवसांत जे पाहिलं, हुंगलं, ते त्याच्या मनात आपलं म्हणून बसतं. जे दिसलंच नाही, त्याची पुढे भीती वाटते, आणि एवढ्या अंगाचा घाबरलेला कुत्रा फार वाईट चावतो.

इथे एक अडचण आहे. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस मिळते, आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. तोवर भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर त्याला खाली सोडायचं नाही. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवायचं नाही. कडेवर घे, बाजाराच्या दिवशी चौकात उभा राहा, स्टेशनावर ने. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या पाठीवरून हात फिरवू दे. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग तिचा बूस्टर, आणि पुढे दर वर्षी, न चुकता. आठ आठवड्यांच्या आत मात्र त्याला आईपासून तोडून आणू नकोस. आणायला जाशील तेव्हा आई दाखवा म्हण. आई माणसाला पाहून दबून गुरगुरत असेल, किंवा दाखवायलाच टाळाटाळ झाली, तर इसार बुडाला तरी चालेल, परत ये.

आता जे सांगतो ते घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखव. पिल्लू जरा अंगात भरलं की पोरं ‘छू’ म्हणून त्याला कोंबड्यांवर, दुसऱ्या कुत्र्यांवर, रस्त्याने जाणाऱ्या फिरस्त्यावर सोडतात आणि ते धावलं की टाळ्या पिटतात. हे तुझ्या घरी एकदाही होता कामा नये. कुत्र्याला गंमत कळत नाही. मालकाला हेच हवं आहे, एवढंच तो शिकतो. त्याऐवजी बस, थांब, सोड, परत ये, हे शिकव, रोज दहा-दहा मिनिटं, खाऊ देऊन. मारून शिकवलेला कुत्रा हातात काठी असलेल्याचंच ऐकतो, आणि तुझ्या आजीच्या हातात काठी नसणार. तिच्या एका शब्दावर तो बसला पाहिजे. उद्या नोकरीसाठी तू नागपूरला किंवा रायपूरला गेलास तरी तो घरीच राहील, नऊ-दहा वर्षं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून 23 जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं. त्या यादीत रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागू आहेच. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला शिक्षेपेक्षा शेजारच्या पोराची चिंता जास्त आहे. रस्त्यावर निघताना पट्टा आणि मुसकं, दोन्ही हवंच. आणि कुणाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद नको, चुना नको. कुत्र्याला लस दिलेली असली तरी लगेच ग्रामीण रुग्णालयात न्यायचं आणि डॉक्टर सांगतील ती सगळी इंजेक्शनं पुरी करायची.

बिबट्याचा विचार तू केला नसशील. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आपलं दरेकसा-हाजरा फॉलकडचं रान तर गावाला लागूनच आहे. उघड्या अंगणात रात्री साखळीला बांधलेला कुत्रा, मग तो कितीही दांडगा असो, सुटूही शकत नाही आणि नीट लढूही शकत नाही. चोर येईल म्हणून तू त्याला बाहेर बांधशील आणि सकाळी तुला नुसता पट्टा दिसेल. शिवाय दिवसरात्र बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे. रात्री त्याला छपराच्या, पक्क्या जाळीच्या खोलीत ठेव. तिथून तो भुंकला तरी घर जागं होतं. त्याने चोराशी झुंजावं अशी अपेक्षाच ठेवू नकोस.

रानात त्याला मोकळं नेऊ नकोस, यामागे आणखी एक कारण आहे. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा तपासणीत डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांकडूनही पसरणारा, विषाणू सापडला होता. नवेगाव-नागझिऱ्यात वाघ आहेत, रानकुत्री आहेत. तुझ्या कुत्र्याची लस त्यांच्याही कामी येते.

उन्हाळा त्याला जड जाणार. काळं, दाट अंग, आणि आपल्यासारखा घाम त्याला येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. मेमध्ये पारा 45 कडे जातो. तेव्हा फिरवणं फक्त सूर्य उगवायच्या आत आणि अंधार पडल्यावर. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, त्याला कूलरच्या खोलीत जागा द्यावी लागेल, हे तुझ्या आईला आताच सांग. जीभ गडद लाल झाली, लाळ गळू लागली, पाय लटपटले, तर अंगावर साधं पाणी ओतत राहा, पंखा लाव आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठ.

खाण्यात नुसता भात पुरत नाही. अंडी, कोंबडी, डाळ हवी. कॅल्शियमच्या बाटल्या मात्र आपल्या मनाने पाजू नकोस. मोठ्या जातीच्या पिल्लात जादा कॅल्शियमने हाडं बिघडतात, आणि फार लवकर लठ्ठ झालेल्याचे खुबे दुखतात. दिवसाचं जेवण दोनदा विभागून दे, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर पळवू नकोस. पोट फुगलं, ओकारीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर पोटाला पीळ पडला असू शकतो. त्यात काही तासच हातात असतात आणि शस्त्रक्रिया करावी लागते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब आहे, म्हणून रात्री-अपरात्री गाडी कुणाची मिळेल, ते आधीच ठरवून ठेव. पावसाळ्यात गोचीड रोज बघायची: कानात, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली. गोचीडतापाने कुत्रा आधी खाणं सोडतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात.

कुत्र्याच्या त्या जाळीच्या खोलीची जागा गोठ्याच्या पूर्वेला धर. तिथे दुपारी चिंचेची सावली असते. लांबी-रुंदीचं माप घेऊन पाठव. जाळीचं दार मी इथे वेल्डरकडून करून घेतो आणि पिल्लाच्या आधी घेऊन येतो.

तुझे,
मोठेबाबा