मोटारीतील विद्युद्दोषाचा शोध
मोटारीत विजेचा प्रवाह बॅटरीतून तारेने दिव्याकडे जातो व गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परततो. जुन्या तारेचे वेष्टन झिजून आतील तांबे सांगाड्यास टेकले, की प्रवाह आडवाटेने धावतो आणि फ्यूज वितळतो. त्याजागी जाड तार घालणे म्हणजे आगीस आमंत्रणच होय.

त्याऐवजी त्या फ्यूजवरील सर्व दिवे काढावेत. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये बॅटरीच्याच व्होल्टचा परीक्षादीप जोडून बटण चालू करावे. तो प्रखर पेटला, तर दोष तारेतच आहे. मग एकेक शाखा सोडवावी. जी सोडविताच दीप विझेल, ती सदोष. तार पत्र्याच्या छिद्रातून जाते, तेथे प्रथम पाहावे.

वितळलेला फ्यूज शत्रू नव्हे, सावध करणारा मित्र होय. सद्सद्विवेकबुद्धीही अशीच असते. तिचे तोंड बंद न करता दोष शोधावा.