गीता १७.१५ : बोटांनी बोललेलंही बोलणंच



आजचं चिंतन सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. भगवंत इथे तपाचे तीन प्रकार सांगतात: शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. त्यातलं वाणीचं तप या श्लोकात येतं. समोरच्याला उद्वेग होणार नाही असं बोलणं, खरं बोलणं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि जोडीला स्वाध्याय.

क्रम बघा. 'खरं' दुसऱ्या नंबरावर आहे. पहिली चाचणी उद्वेगाची. म्हणून कोणी खोटं बोलायला मोकळं होत नाही. शंकराचार्यांनी भाष्यात स्पष्टच म्हटलंय की या सगळ्या अटी एकत्र पाळल्या गेल्या तरच ते वाणीचं तप, एक जरी सुटली तरी नाही. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर मध्ये 'अँड' आहे, 'ऑर' नाही. पण ग्रुपवर कोणाची तरी टर उडवणाऱ्याला हटकलं की उत्तर काय येतं? "अरे, फोटो खराच आहे की! एडिट थोडाच केलाय?" म्हणजे दुसरी अट पुढे करून पहिली गाळायची.

आमचं गाव सांगोला. शेजारचा तालुका मंगळवेढा, दामाजीपंतांचा, चोखोबांचा, कान्होपात्रेचा. याच मंगळवेढा तालुक्यातली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत धुळे जिल्ह्यात गेली होती. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात मोबाईलवरून फिरत होते. त्या संशयावरून जमावाने या पाच जणांना ठार मारलं. तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. ज्ञानोबारायांचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गुरू गहिनीनाथ. आपण ज्या परंपरेपुढे रोज डोकं टेकवतो, त्याच नाथपंथाचं नाव लावणारी ही माणसं होती.

त्या वर्षी देशभर एक क्लिप फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात. मूळ जाहिरातीत पुढे तेच दोघं पोराला परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. दाखवलेलं दृश्य जसंच्या तसं होतं, फक्त शेवटचे काही सेकंद नव्हते. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं.

एवढं भयंकर उदाहरण शाळा-कॉलेजच्या ग्रुपला कशाला, असं वाटेल. पण कापायची रीत तीच आहे. दोघांच्या चॅटमधल्या चार ओळी ठेवायच्या, वरच्या-खालच्या क्रॉप करायच्या, आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. पुढचं काम बाकीचे करतात. हसण्याचे इमोजी टाकणारे, दुसऱ्या ग्रुपवर ढकलणारे. यातला प्रत्येक जण म्हणतो, मी काही बोललोच नाही. बोट बोललं ना!

सांगोलेकरांना व्हायरल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. जून २०२२ मध्ये आपल्या तेव्हाच्या आमदारांनी गुवाहाटीहून एका कार्यकर्त्याशी फोनवर मारलेल्या गप्पा, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील", चार दिवसांत कुठल्या कुठे पोचल्या. शहाजीबापू मुरलेले राजकारणी, त्यांनी ते हसून घेतलं. चौदा वर्षांच्या पोरीला ती सोय नसते.

आमच्या नात्यातल्या नववीतल्या एका मुलीचा लग्नात जेवतानाचा फोटो वर्गातल्या कोणीतरी स्टिकर करून ग्रुपवर टाकला. खाली दोन शब्द, तिच्या अंगावरून. मग कोणीही काहीही लिहिलं की उत्तराला तो स्टिकर. घरच्यांना कळलं ते ती क्लासला जाईना म्हणून. आणि घरातल्या मोठ्यांचा सल्ला, तुम्हीही ऐकला असेल: "लक्ष नको देऊ. आपण भक्त माणसं, आपल्याला काय फरक पडतो?" एकाने तर बाराव्या अध्यायाचा आधार दिला. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो भगवंताला प्रिय.

माझं याच्याशी भांडण आहे. त्या वचनाचा पहिला अर्धा भाग त्रास देणाऱ्याला लागू होतो. तो त्याला कोणी ऐकवत नाही, आणि दुसरा अर्धा मात्र जिला त्रास झालाय तिच्या माथी मारतात. शिवाय ते सिद्ध भक्ताचं लक्षण आहे. नववीतल्या मुलीकडून ते रात्रीत मागायचं नसतं.

खुद्द ज्ञानोबारायांचं बघा. परंपरेतली गोष्ट अशी की कोणीतरी केलेल्या अपमानाने ते व्यथित झाले, झोपडीत शिरले आणि दाराची ताटी लावून घेतली. तेव्हा बाहेर उभी राहून धाकट्या मुक्ताईने त्यांची समजूत घातली, तेच ताटीचे अभंग. आता कोणी म्हणेल, मुक्ताईनेही सहन कर असंच सांगितलं की. सांगितलं, खरंय. जग आग झालं तरी संताने पाणी व्हावं, असा तिच्या बोलण्याचा भाव आहे. पण सांगणारी कोण होती? 'संन्याशाची पोरं' हे टोमणे तिने भावाबरोबर झेललेले. ती दारातून हलली नाही, दार उघडेपर्यंत बोलत राहिली. 'लक्ष नको देऊ' म्हणून टीव्हीकडे वळणं आणि ताटीपाशी उभं राहणं, यात फार अंतर आहे.

त्या मुलीच्या बाबतीत ताटीपाशी तिची मावशी आली. ओरडली नाही, फोन काढून घेतला नाही (फोन जाणार या भीतीनेच निम्मी मुलं घरी सांगत नाहीत, हे पालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी). शेजारी बसून तिने तो अख्खा ग्रुप वरपासून खालपर्यंत वाचला. स्टिकर, पाठवणाऱ्यांचे नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले आणि वर्गशिक्षिकांना जाऊन दाखवले. त्याआधी ग्रुपमधल्या एका मुलाने "बास करा आता, काढा ते" एवढंच लिहिलं होतं, हेही त्यातच सापडलं. स्टिकर बंद झाले. ती अजून त्या ग्रुपवर परत गेलेली नाही, आणि जायलाच पाहिजे असंही काही नाही.

तर अशी वेळ तुमच्यावर किंवा मित्रावर आली तर करायचं काय? आधी पुरावा. रागाने चॅट डिलीट करून ब्लॉक करायची घाई होते, पण स्क्रीनशॉट घेईपर्यंत थांबा. प्रोफाईलचं नाव आणि लिंकही जपून ठेवा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला तर समोरच्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढा. मग ब्लॉक आणि रिपोर्ट. पैसे मागून फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणं वाढतं. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांसंबंधीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही होते. हेल्पलाईन १९३०. अठरा वर्षांखालच्यांसाठी चाईल्डलाईन १०९८.

अठरा वर्षांखाली असताना काढलेला नग्न किंवा तशा स्वरूपाचा फोटो बाहेर गेला असेल, तर 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या एका बालसंरक्षण संस्थेची. यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा 'हॅश' तयार होतो, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखा एक आकड्या-अक्षरांचा ठसा. फक्त तो ठसा पुढे जातो, आणि सहभागी साइट आपल्याकडच्या फोटोंशी तो ताडून बघतात. ठशावरून फोटो परत बनवता येत नाही. एनक्रिप्टेड चॅटमध्ये मात्र याचा उपयोग होत नाही. तिथे फोटो थांबायचा तर कोणाच्या तरी बोटाशीच थांबतो.

आणि असा लहान मुलाचा फोटो गंमत म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी आयटी कायद्याचं कलम ६७ ब एकदा वाचा. पाठवणंच काय, डाउनलोड करून ठेवणंही त्यात गुन्हा आहे.

उरला श्लोकातला स्वाध्याय. वाणीच्या तपात तो कसा आला, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. ज्या तोंडाने पाठ म्हणायचा त्याच तोंडाने दिवसभर बोलायचं असतं, म्हणून असेल. आपलं तर पाठाचं ॲपही त्याच फोनवर आहे. आज हरिपाठ झाला की फोन खाली ठेवण्याआधी आपल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात कोणाचे स्टिकर फिरले ते एकदा बघा. आणि तो किंवा ती हल्ली ग्रुपवर गप्प असेल, तर मेसेज नको, फोन लावा.

राम कृष्ण हरी.