आजीचे गाणे आणि आपला व्हिडिओ



दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगाव मंडई भरते. दोन वर्षांपूर्वी लाखनीजवळच्या एका गावात मंडईच्या रात्री काही गोंड बायांनी लग्नातली गोंडी गाणी म्हटली. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने ती मोबाइलवर टिपली आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या चॅनलवर टाकली. देणगीदारांना पाठवायला छान झाले, असे मीही म्हणालो. पुढच्या भेटीत गाणाऱ्यांतल्या थोरल्या आजींनी मला अंगणात बसवले, चहा दिला आणि विचारले, "आमचा गाना तू कोनाले इचारून टाकलास बापा?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. काही महिन्यांनी कोणीतरी तोच आवाज उचलला, त्याला ठेका लावला आणि स्वतःच्या नावाने टाकला. वर आमच्याच व्हिडिओवर हक्काचा दावा आला. मूळ फाइल मोबाइल बदलताना गेलेली, कागद तर कधी केलाच नव्हता. म्हणजे आधी आम्ही न विचारता घेतले, मग आमच्याकडून दुसऱ्याने न विचारता घेतले. तेव्हापासून मी मंडळ्यांतल्या तरुणांना सांगतो की व्हिडिओ कुठे टाकायचा हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तो कोणाचा आहे.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. एका व्हिडिओत अनेकांचे हक्क एकावर एक बसलेले असतात. शब्द लिहिणाऱ्याचा वेगळा, चाल बांधणाऱ्याचा वेगळा, गाणाऱ्याचा वेगळा आणि चित्रीकरण करवणाऱ्याचा वेगळा. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो, म्हणून त्यांची भजने आज कोणीही गावीत. पण त्याच भजनाची एखाद्या कंपनीने अलीकडे केलेली ध्वनिफीत त्या कंपनीची असते. ती आपल्या नाताळच्या व्हिडिओमागे लावली तर दावा येणारच. उपासना चालू असताना गाणी म्हणायला किंवा वाजवायला कायद्याने मोकळीक दिली आहे. ती उपासना चित्रित करून जगासमोर टाकायला ती मोकळीक पुरत नाही. आपल्या वाद्यवृंदाने वाजवलेले वापरा, सूर थोडा हलला तरी चालेल.

गोंडी लग्नगीताचा एक कर्ता सांगता येत नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते वस्तूंना मिळते, गाण्याला नाही. तरी आजी मोकळ्या हाताने राहत नाहीत. गाणारा, नाचणारा, वाजवणारा यांना 'कलाकार' म्हणून स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. त्यांच्या संमतीवाचून सादरीकरण टिपता किंवा पसरवता येत नाही; त्यांचे नाव द्यावे आणि बदनामी होईल अशी मोडतोड करू नये, हाही हक्क त्यांचाच. (या व्याख्येत गारुडी आणि व्याख्यान देणाराही आहे. पाळकांचा उपदेश टिपणाऱ्यांनीही विचारून घ्यावे.)

संमती लेखी घ्या. किती काळासाठी हे लिहिले नाही तर कायदा ५ वर्षे धरतो, आणि कुठे वापरणार हे लिहिले नाही तर फक्त भारत धरतो. इंटरनेटवर टाकायचे तर 'जगभर' हा शब्द हवा. कागद मराठीत करा, गोंडीत समजावून सांगा, मगच सही किंवा अंगठा. चित्रीकरण पगारी कार्यकर्त्याने कामाचा भाग म्हणून केले तर ते संस्थेचे. स्वयंसेवकाने केले असेल तर त्याच्याशीही चार ओळी लिहून घ्या. सरकारी नोंदणी सक्तीची नाही. चित्रफितीला ५,००० रुपये शुल्क आहे, त्यापेक्षा मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर तारखेसह जपा. आमचे अडले ते तिथेच.

आता जागेचा प्रश्न. यूट्यूब फुकट आहे आणि गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आहे. मालकी आपलीच राहते, पण व्हिडिओ टाकताना तो जगभर दाखवण्याचा परवाना आपण कंपनीला देतो. आपण एक रुपया मिळवत नसलो तरी ती त्यावर जाहिरात दाखवू शकते. वसतिगृहातल्या मुलीच्या मनोगताआधी कशाची जाहिरात येईल, हे आपल्या हातात नसते. 'अनलिस्टेड' म्हणजे कुलूप नव्हे. दुवा ज्याच्याकडे गेला तो पाहतो. 'प्रायव्हेट' ठेवले तर आपण बोलावलेल्यांनाच दिसते. व्हिमिओवर जाहिराती नसतात आणि पासवर्ड लावता येतो, पण त्याची वर्गणी भरावी लागते. विकिमीडिया कॉमन्सवर टाकले तर कोणालाही, धंद्यासाठीसुद्धा, वापरायची मुभा द्यावी लागते आणि ती परत घेता येत नाही. भाषा जपायला ती जागा उत्तम आहे, पण तिथे काय जावे हे गावाने ठरवावे, आपण नाही. मुलांचे चेहरे, पूर्ण नाव आणि गाव एकत्र तर कुठेच नको.

दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. यूट्यूबवर दावा आणि ताकीद या दोन गोष्टी आहेत. दाव्याने बहुधा जाहिरातीचा पैसा दुसऱ्याकडे जातो. ९० दिवसांत तीन ताकिदी झाल्या तर चॅनलच बंद होऊ शकते. दोन्हींना उत्तर देता येते, फक्त पुरावा हवा. आपले कोणी चोरले तर लेखी तक्रार करा. आपल्या कायद्याप्रमाणे अशा तक्रारीवर तो मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा असतो. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणून वकिलाला पहिल्याच आठवड्यात भेटा.

आम्ही तो व्हिडिओ काढला आणि आजींकडे परत गेलो. त्यांनी इतर बायांना बोलावले, दुपारभर बोलणे झाले. दोन गाणी जगाला दाखवा म्हणाल्या. तिसरे नवरीला हळद लावतानाचे, ते बाहेर जाऊ नये असे ठरले. ते आता एका मेमरी कार्डात आजींच्या पेटीत आहे. त्याची प्रत आमच्याकडे नाही.