ड्रिल यंत्राची निवड : आधी भिंत, मग वॉट

हार्डवेअरच्या व्यवसायातील आमच्या बंधूंना हा अनुभव नवा नाही. गिऱ्हाईक दुकानात येते व "सगळ्यांत दमदार ड्रिल द्या" अशी मागणी करते. पेटीवरील वॉटचा मोठा आकडा दाखविला की त्याचे समाधान होते, विक्रीही होते. परंतु थोड्याच दिवसांत तक्रार येते की, यंत्र तापते, बिटाचे टोक बोथट झाले, भिंतीत मात्र छिद्र पडत नाही. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसून निवडीचा असतो. सबब या विषयाची थोडी शास्त्रीय माहिती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

विजेवर चालणारे हातड्रिल जर्मनीतील फाइन कंपनीने १८९५ साली तयार केले. पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबावयाचा खटका यांचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर यांना १९१७ साली मिळाले. फिरणे व ठोकणे ही दोन्ही कामे करणारा विद्युत् हातोडा बॉश कंपनीने १९३२ साली बाजारात आणला. या तिसऱ्या सुधारणेतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

वॉट म्हणजे काय?

पेटीवरील वॉट हे सामान्यतः यंत्र विजेतून किती शक्ती घेते याचे माप असते. बिटाच्या टोकाशी किती जोर पोहोचतो याचे नव्हे. काही भाग उष्णतेत जातो. उरलेली शक्ती वेग आणि पीळ यांत वाटली जाते. वेग वाढला की पीळ कमी होतो, वेग कमी केला की पीळ वाढतो. म्हणून लाकडात लहान छिद्र पाडताना वेग अधिक ठेवावा. पोलादात किंवा मोठ्या छिद्राला तो कमी ठेवावा. वेग कमीजास्त करणारा खटका नसलेले ड्रिल, वॉट कितीही असोत, घरकामाला अपुरे होय.

ठोक्याचे दोन प्रकार

साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके निर्माण होतात. मिनिटाला चाळीस हजारांपर्यंत ठोके पडतात खरे, परंतु प्रत्येक ठोका अगदी हलका असतो आणि त्याचा जोर माणूस मागून किती रेटा देतो यावर अवलंबून राहतो. रोटरी हॅमरची रचना निराळी आहे. त्यात दट्ट्या नळीतील हवा दाबतो व ती हवा आतील घणाला पुढे फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच. पण हलक्या यंत्रातही प्रत्येक ठोका दोन ते तीन जूलचा असतो. एक किलोचे वजन दहा सेंटीमीटरवरून पडले असता सुमारे एक जूल ऊर्जा मिळते, यावरून वाचकांना त्याची कल्पना यावी. येथे माणसाने रेटा द्यावयाचा नसतो, यंत्र नीट धरावयाचे असते.

भिंतीची परीक्षा

आपले बांधव निरनिराळ्या प्रदेशांत स्थायिक आहेत व प्रत्येक ठिकाणची भिंत निराळी आहे. गोव्याचा जांभा चिरा मऊ व सच्छिद्र असतो. त्यात ठोका जोराचा दिला तर छिद्र पसरते व खुंटी सैल बसते. वडोदऱ्याची वीटबंदी व ग्वाल्हेरचा वाळूचा दगड यांना ५०० ते ६०० वॉटचे, १३ मिलिमीटर चकचे, म्हणजे आपल्या बोलीतील चार सुती, इम्पॅक्ट ड्रिल बहुधा पुरते. इंदूरकडील काळा पाषाण, हैदराबादचा ग्रॅनाइट आणि आता सर्वत्र आढळणारे सिमेंट काँक्रीटचे खांब व तुळया यांना मात्र रोटरी हॅमरच हवा. त्याचे एस्‌डीएस बिट साध्या चकमध्ये नीट बसत नाही, हे विकतानाच सांगावे. फरशीवर आधी ठोका बंद ठेवावा. झिलई पार झाल्यावर, मागची भिंत तशी असेल तरच, तो सुरू करावा.

बॅटरीचे यंत्र सोयीचे खरे. परंतु १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॉट-तासच साठतात. ५०० वॉटच्या ओढीने ते साडेआठ मिनिटांत संपतात. कपाटे, बिजागऱ्या, स्क्रू यांना ते उत्तम. दिवसभराच्या काँक्रीटकामाला नव्हे.

जोर आणि जोखीम

शक्ती वाढते तशी जोखीमही वाढते. बिट आतील सळईत अडकले की यंत्रच फिरते व मनगट मुरगळते. म्हणून बाजूची मूठ व सुरक्षा-क्लच पाहून घ्यावे. चौकोनात चौकोन ही खूण दुहेरी विद्युत्-रोधनाची आहे. बटनांच्या सरळ रेषेत, वर-खाली वा आडवे, छिद्र पाडू नये. तेथे तारा असण्याचा संभव असतो. काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक आहे, म्हणून चष्मा व धूळरोधक मुखपट्टी यांची शिफारस यंत्राबरोबरच करावी.

विक्रेत्याने चार प्रश्न अवश्य विचारावेत : भिंत कशाची? छिद्र किती मिलिमीटरचे? काम रोजचे की वर्षातून दोनदा? कार्बन ब्रश व दुरुस्ती गावात मिळेल काय? ज्याला काँक्रीटमध्ये दोनच छिद्रे पाडावयाची आहेत, त्याला महागडा हॅमर न विकता एक दिवस भाड्याने आणावयास सांगावे. त्या दिवशी गल्ल्यात रक्कम कमी पडेल. परंतु पुढील घर बांधताना ते गिऱ्हाईक आपल्याच पेढीची पायरी चढेल, असा आमचा विश्वास आहे.